मागच्या टायरचा निकाल

रुपेश, टायर घेतला. मागचा.

ज्याच्यावरून आपण गच्चीवर भांडलो, टपरीवर भांडलो आणि शेवटी वॉर्डात तुझ्या सलाइनच्या बाटलीखाली भांडलो, त्या प्रश्नाचा निकाल मी तुझ्यामागे लावून टाकला. तुझं ऐकलं नाही. माझंही ऐकलं नाही. कसं ते सांगते. तू मध्येच तोंड घालणार नाहीस, याची सवय अजून झालेली नाही. त्यामुळे वाक्यं तुटतील. तुटू देत.

घाई कशाला केली, ते आधी ऐक. तुझं तेरावं झालं, लोक जेवून गेले, आणि लगेच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. आपल्या बिल्डिंगींच्या मागे टेकडी कापताना जे काळे खडक उरले, ज्यांच्यावर तू रोज सायकल उडवायचास, ते फोडून तिथे पेव्हर ब्लॉक घालायचे आणि गाड्या लावायच्या. त्यासाठी रविवारी जागेवर सभा. इथपर्यंत ठीक. असले मेसेज आपण पचवलेत. पण खाली कारण लिहिलं होतं : "सदर जागेत सायकलवर स्टंट केले जातात. आपण नुकताच एक तरुण मुलगा गमावला आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी."

वाचलंस? तुझं कारण केलं त्यांनी.

तू डेंग्यूने गेलास. ताप, मग उतरत चाललेल्या प्लेटलेट, मग काहीच नाही. सायकल तेव्हा तुमच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं मागचं चाक सपाट होतं. नडगीवरचे ओरखडे सोडले, तर त्या सायकलने तुझं काहीही वाकडं केलं नाही. मारलं डासाने, आणि सुळावर खडक! शेजारी बेसमेंटसाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलंय, त्याच्याबद्दल ग्रुपवर चकार शब्द नाही. चाळीस फुटांवरचा खड्डा दिसत नाही आणि मेलेला मुलगा मात्र बरोबर दिसतो.

मी काय केलं असेल ते तुला माहीत आहे. हँडबिल लिहिलं. वर ठसठशीत मथळा : "रुपेशला कोणी मारलं?" खाली शहीद, बळी, जाब, सगळं सगळं. आपल्या मनूला वाचून दाखवलं. तुझी बहीण आता तुझ्यासारखीच ऐकते, भिंतीला पाठ लावून, चेहरा कोरा ठेवून. वाचून झालं तर म्हणाली, "शहीद काय गं शीतलताई? डास चावला त्याला. दादाने पाय टेकला असता."

बरोबर आहे. तू पाय टेकला असतास.

वाचणाऱ्यांना हे कळायला हवं, म्हणून सांगते. ट्रायल्सच्या सायकलला सीट नसते. बसायचं नसतंच. पेडलवर उभं राहायचं, ब्रेक दाबायचे आणि मागच्या चाकावर टुणटुण उड्या मारत एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जायचं. वेग शून्य. पाय जमिनीला टेकला की चूक. एवढाच खेळ. आणि माझं प्रत्येक हँडबिल छापायला जाण्याआधी तू त्या सायकलवर तोल धरून उभा राहायचास आणि मी खाली बसून वाचायचे. वाक्य खरं असेल तोवर तू वर. मी फेकायला लागले की तुझा डावा पाय खाली. काही बोलायचा नाहीस. मी वाक्य खोडायचे, तू पुन्हा वर चढायचास.

माझं लिहिणं एवढं लक्ष देऊन दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही. आमच्या संघटनेत लोक ऐकतात ते आपली पाळी कधी येते ते बघत. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतास, "ए हँडबिल, रडवू नको, पुढचं वाच."

तर 'शहीद' खोडला. सगळं हँडबिलच फाडलं. ठरवलं की सभेत कागद वाटायचा नाही. सायकल चालवून दाखवायची. स्टंट स्टंट म्हणताय ना, बघा काय असतो तो. चालवणार मनू, तुझ्याच हाताखाली शिकलेली. आणि चालवायची तर मागच्या चाकाला टायर हवा, कारण तुझ्या शेवटच्या टायरचा गाल फाटलेला होता.

टायरच्या बाजूला सगळे साइडवॉल म्हणतात. तू गाल म्हणायचास. आणि सगळं भांडण त्या गालावरून होतं.

आठवतोय आपला पहिला टायर? वाकोल्याचं ते लांबुळकं दुकान, छताला टायर लटकलेले, मालक गल्ल्यावर मोबाइलमध्ये मान घालून. तू ऐटीत म्हणालास, "भाई, हलका टायर दाखवा. मागचा. छब्बीस इंची, रुंद."

त्याने मान वर केली. "हलका?"

"हां, एकदम हलका."

"हलका माल अपुन रखताच नहीं. वो सामने फुटपाथ पे जाओ."

"अहो तसं नाही. वजनाला हलका."

"वजन में हलका बोले तो मालच हलका ना? रबर कम, तो दम कम. सीधी बात."

तू त्याला समजवायला गेलास, तो आणखी तापला. तीस वर्षं दुकान चालवतो, आजपर्यंत कोणी त्याच्या मालाला हलका म्हटलं नव्हतं. मी बाजूला उभी राहून हसत होते आणि मग हसू गेलं. कारण तो चुकीचं बोलत नव्हता, आपली भाषाच तशी आहे. हलका माल, हलकी वस्ती, हलक्या लोकांत उठबस नको. ज्याचं वजन कमी, त्याची किंमत कमी. आपले सेक्रेटरी सामंतकाका मागे एकदा म्हणाले होतेच, त्या खडकांवर "हलकी मुलं" जमतात. त्यांना तुझी सायकल किती किलोची आहे ते सांगायचं नव्हतं.

शेवटी त्याने तुझ्या हातात जो टायर दिला तो 'मजबूत' होता. त्या मजबुतीने वाट लावली. चार दिवस तू त्या चाकाशी झुंजलास. हँडल खेचायचास, गुडघे वाकवायचास, मागचं चाक जमिनीवरून बोटभर सुटायचं आणि धप्प खाली. "हे टायर नाही," तू धापा टाकत म्हणालास, "पाटा बांधलाय मागे. वर आईने मसाला वाटायचा बाकी आहे."

मला तेव्हा कळलं की वजन कुठे आहे यालाही महत्त्व असतं. सायकलच्या मधल्या नळीत थोडं जास्त असलं तर चालून जातं. तेच चाकाच्या कडेला आलं की प्रत्येक उडीला उचलावं लागतं, फिरवावं लागतं, थांबवावं लागतं.

मग तू दुसऱ्या टोकाला गेलास. कुठून तरी ऑनलाइन तो पातळ टायर मागवलास, घडी करून पाकिटातून आला. गाल पापडासारखे. आपण आरे कॉलनीत गेलो, तबेल्यांच्या पुढे रस्त्याला लागून ते दगड आहेत तिथे. बस गेली, धूळ बसली आणि तू उडालास. अरे, काय उडालास! मी ओरडले होते, आठवतंय? मला सायकलमधलं ढिम्म कळत नव्हतं, तरी कळलं की आज काहीतरी वेगळं आहे. चाक तुझ्या मनात आलं की वर येत होतं. तू दगडाच्या धारेवर उतरलास, हसलास, आणि आवाज आला. ठक्. आणि पाठोपाठ फुस्स.

ट्यूब काढली तर शेजारी-शेजारी दोन भोकं. खिळा नाही, काच नाही. तू समजावलंस : हवा कमी ठेवावी लागते, पिकायला आलेला पेरू दाबून बघतो तेवढी, म्हणजे टायर दगडाला धरून बसतो. पण हवा कमी आणि गाल पातळ, की दगड टायर दाबत थेट रिमपर्यंत जातो आणि मध्ये ट्यूब चिरडते. दोन कडा, दोन भोकं. सापाच्या दातांसारखी.

"लांबडं चावलं," तू म्हणालास. तुमच्या घरी तुझी आई, आमच्या काकी, साप हा शब्द उच्चारू देत नाहीत, नाव घेतलं की तो येतो म्हणतात, म्हणून तू आरेतल्या भर दुपारी, एकही साप नसताना, लांबडं म्हणालास. मी पोट धरून हसले. सायकल खांद्यावर मारून आपण निम्मी आरे तुडवली.

आणि तिथून भांडण सुरू झालं. माझं म्हणणं साधं होतं. टायर असा घे की त्याला काहीही होणार नाही. जाड गाल घे, आणि मधल्या भागाखाली ती पंक्चर न होऊ देणारी पट्टी असते ना, तीही घे. कारण आपल्या खडकांवर नुसती धार नाही. शेजारच्या बांधकामाचं सेंट्रिंगचं सामान, स्लॅबच्या फळ्या आणि टेकू, आपल्या मागच्या जागेत पडतं आणि त्याचे खिळे चहूकडे. सोसायटीनेच कॉन्ट्रॅक्टरला 'तूर्तास' सामान ठेवायला दिलंय.

"पट्टी नको," तू म्हणालास. "पट्टीचं वजन नेमकं जिथे नको तिथे. मी जागा झाडून घेईन."

"तू का झाडणार? खिळे कोणी टाकले?"

"ज्यांनी टाकले ते झाडणार नाहीत."

"म्हणून तू झाडणार? उद्या ते गटार सोडतील. उपसशील?"

"उद्याचं उद्या. मला आज उडी मारायचीय."

"हेच! हेच चुकतं तुम्हा लोकांचं. प्रत्येक जण आपल्यापुरता झाडू मारतो आणि घाण करणारा मोकळा."

"आणि तू काय करणार? तो झाडेपर्यंत दोन किलोचा टायर घालून बसणार? सोसायचं ठरवलं ना शीतल, की वजन वाढतं."

"वा! लिही हे कुठेतरी."

"तूच लिही. तुझं खातं आहे ते. उद्गारचिन्हं तीन घाल."

मला राग यायचा तो तू हसून बोलायचास याचा. मला वाटायचं तू सगळ्यावर हसतोस, म्हणून कशातच उतरत नाहीस. मोर्चाला एकदाही आला नाहीस. कारण विचारलं तर म्हणायचास, "चालताना मला कंटाळा येतो, तुमचा मोर्चा फार सरळ रेषेत जातो." पण माझी हँडबिलं तुझ्या बॅगेत असायची. तू ती पार गोरेगाव स्टेशनच्या रिक्षावाल्यांना वाटायचास. त्यांतलेच एक जण, एक रिक्षावाले काका, तुझ्या तेराव्याला आले होते हातात जुनं हँडबिल घेऊन. म्हणाले, "ह्यो पोरगा म्हणायचा, वाचा नाहीतर हिला वाईट वाटेल."

हे तू मला का सांगितलं नाहीस?

वॉर्डात शेवटचं बोलणं झालं तेही टायरचंच. दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं असं लोक म्हणतील. मला नाही वाटत. तुझे ओठ सुकले होते, मी पाणी दिलं, तू म्हणालास, "बाहेर आलो की हलकाच घेणार." मी म्हटलं, "बाहेर तर ये. मग बघते कसा घेतोस." त्यावर तू डोळे मिटून हसलास. माझ्या तोंडून गेलेलं ते शेवटचं वाक्य. धमकी होती. चांगलं आहे. आपल्याला तेच शोभतं.

आता काकींचं सांगते. सायकल मागायला गेले तर त्या चुलीसमोर बसावं तशा गॅससमोर स्टुलावर बसल्या होत्या, गॅस बंद. पॅसेजमध्ये सायकलवर जुनी चादर टाकलेली.

"काय गो, आता तरी त्या सायकलीचो नाद सोड," त्या म्हणाल्या. "माका ती डोळ्यासमोर नको."

"काकी, सायकलने नाही मारलं त्याला."

"ता माका म्हायत आसा."

"मग?"

"मग काय? म्हायत आसा म्हणून बघवतला काय?"

एवढी पत्रकं लिहिली, पण या वाक्याला उत्तर देणारा एकही मुद्दा कधी लिहिला नाही. मग मनूने तो ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला. 'नुकताच एक तरुण मुलगा गमावला आहे' इथे आल्यावर काकी म्हणाल्या, "कोणी गमावल्यानी? त्येंनी?" उठल्या, चादर काढली, घडी केली, आणि आत गेल्या. परवानगी दिली असं म्हणता येणार नाही. चादर तेवढी काढली.

मनू आणि मी वाकोल्याला गेलो. तोच मालक, तोच मोबाइल. मी शहाणी झाले होते. हलका म्हटलं नाही. म्हटलं, "भाई, तीन-चार टायर काढा, हात लावून बघणार आहे."

"हाथ लगाने का पैसा नहीं," तो म्हणाला. मग मनूकडे बघून, "वो लड़का नहीं आया? हलका माल वाला?"

मनू म्हणाली, "वो मेरा भाई था." 'था' ऐकलं त्याने. मोबाइल उलटा ठेवला. वरच्या रॅकचे टायरही स्वतः शिडी लावून काढले.

मी काउंटरवर ओळीने मांडले. आधी गाल. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबायचा, तू शिकवलं होतंस तसं. एकाचे गाल पापडासारखे, बाजूला. एक नुसता फळीसारखा ताठ, कडेला जाड तार, दुमडतच नव्हता. तोही बाजूला. एकावर मोठ्या अक्षरांत 'पंक्चरप्रूफ' छापलेलं. अरे, ती काय भाषा! आमच्या संघटनेतही कोणी एवढं बेधडक आश्वासन देत नाही. दाबून पाहिला तर मधे पट्टी जाडजूड आणि गाल तसेच पातळ. म्हणजे खिळ्यापासून वाचवणार आणि दगडाच्या धारेवर हात वर करणार. या शहरातल्या बऱ्याच योजना अशाच असतात, पण तो विषय आता नको.

राहिला एक. गाल दुहेरी, दाबले की सावकाश परत येणारे. कडेला तारेऐवजी दोरा, त्यामुळे घडी होत होती आणि तारेचं वजन वाचत होतं. मधे पट्टी नाही. रबर मऊ. पण वजन? दुकानात काटा नव्हता. मालक म्हणाला, "बाजूवाले भंगारवाले के पास चलो." आम्ही तिघं टायर घेऊन भंगाराच्या काट्यावर. भंगारवाला म्हणाला, "नया टायर रद्दी में?" मालक म्हणाला, "चूप, तौल." त्या पाट्यापेक्षा हा बराच कमी भरला, पापडापेक्षा थोडा जास्त. मनूने दोन्ही हातांत धरून वर-खाली केला. "उचलेन मी," म्हणाली.

तेव्हा मी ठरवलं, रुपेश. गाल माझे, पोट तुझं. बाजूने जाड, कारण धार कुठे जात नाही. दगड दगडच राहणार, त्याला कुठलाच कॉन्ट्रॅक्टर उचलून नेणार नाही, आणि न्यायला आला तर आपण आडवे पडणार. मधून मात्र पातळ, पट्टीशिवाय. कारण खिळा ही काही निसर्गाने दिलेली गोष्ट नाही. तो कोणीतरी टाकलाय. तो टायरने का सोसायचा? तू म्हणालास झाडू. मी म्हणाले, टाकणाऱ्याने झाडावं. शनिवारी सकाळी मी, मनू आणि तुझी ती सगळी 'हलकी मुलं' झाडू घेऊन मागे गेलो आणि अख्खी जागा झाडली. झाडलं तुझ्या म्हणण्याप्रमाणे. पण खिळे फेकले नाहीत. एका घमेल्यात भरून ठेवले. ते माझ्या म्हणण्याप्रमाणे.

रविवारी सभा भरली. खुर्च्या, छत्र्या, सामंतकाकांच्या हातात कागद. "आपला सर्वांचा लाडका रुपेश," अशी सुरुवात केली त्यांनी, जिवंतपणी तुला वॉचमनकरवी हाकलणाऱ्या माणसाने. मी उठणार होते. मनूने माझी ओढणी खाली खेचली.

"काका," ती म्हणाली, "आधी बघून घ्या. मग बोला."

ती सायकल घेऊन खडकांकडे गेली. लोक पुढे सरकले, मोबाइल वर झाले. सगळ्यांना वाटलं आता 'धूम' सिनेमासारखं काहीतरी येणार, हवेत कोलांटी घेणार. मनू पेडलवर उभी राहिली आणि तशीच राहिली. हलेना. मागून कोणीतरी, "चालू झालं का?" मग तिने एक उडी घेतली, पहिल्या दगडावर. थांबली. दुसरी. पाय टेकला, खाली उतरली, पुन्हा पहिल्यापासून. बी विंगच्या आजी म्हणाल्या, "सीट चोरीला गेली का गं तिची?"

मी ऐकत होते, बघत नव्हते. मला फक्त आवाज ऐकायचा होता. तिसऱ्या खडकाची धार तीच आहे, तुला माहीत असलेली. मनू उडाली, चाक वर आलं, मनात आल्यासारखं नाही, पण आलं, आणि धारेवर बसलं. ठक्.

रिम दगडाला लागल्याचा तो आवाज मी आरेत ऐकला होता. इथे फुस्स झालं असतं तर सभेला हसायला निमित्त मिळालं असतं, ती सायकल ढकलत परत आली असती आणि खडक संपले असते.

नाही झालं. मनू त्या धारेवर मागच्या चाकावर उभी राहिली, टायर तिच्या वजनाखाली दबला, पुन्हा फुगला, आणि ती पुढच्या दगडावर गेली.

"एवढंच?" सामंतकाका म्हणाले. खरंच निराश झाले होते.

"एवढंच," मनू धापा टाकत म्हणाली.

"अहो, याच्यापेक्षा उंच तर माझा नातू सोफ्यावरून उडी मारतो," आजी म्हणाल्या, आणि सभा हसली. आपण जिंकलो ते बहुतेक तिथेच, रुपेश. तुझा खेळ बघायला कंटाळवाणा आहे. स्टंट म्हणून त्याला कोणी बदनाम करूच शकत नाही. इतकी वर्षं हे साधं हत्यार हाताशी होतं आणि मी घोषणा लिहीत बसले.

मग मी घमेलं उचललं आणि सामंतकाकांच्या पुढ्यात, कागदाच्या शेजारी ठेवलं. म्हटलं, "मुलांना धोका कशापासून आहे ते बघायचंय ना? हे काल या जागेतून निघालं. कोणाचं आहे? आणि शेजारच्या खड्ड्यातलं पाणी घमेल्यात मावत नाही, नाहीतर तेही आणलं असतं. रुपेश त्याने गेला."

"इथे राजकारण आणू नका," ते म्हणाले.

"बरं. मग खिळेच आणते. दर आठवड्याला."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण लोकांनी त्या घमेल्यात डोकावून पाहिलं, आणि बऱ्याच जणांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. शेवटी ठरलं ते असं : सेंट्रिंगचं सामान उचलायचं, खड्ड्याबद्दल सोसायटीने तक्रार द्यायची, पेव्हर ब्लॉक खडकांच्या अलीकडपर्यंतच, आणि खडकांचा कोपरा आहे तसा ठेवायचा, पुढची वार्षिक सभा होईपर्यंत.

होईपर्यंत! मला हा शब्द चालत नाही, हे मी तिथेच सांगितलं. वार्षिक सभेपर्यंत मी विंगांमध्ये दारोदार फिरणार आहे. मनूने मुलांना शिकवायला सुरुवात केलीय. आजींचा सोफ्यावरून उडी मारणारा नातू पहिल्याच दिवशी आला.

सभा उठली, खुर्च्या गेल्या. तेव्हा कळलं की काकी आल्या होत्या. पाण्याच्या टाकीपाशी, लोकांच्या मागे उभ्या होत्या. त्या खडकांपाशी आल्या, सायकलभोवती एक फेरी मारली. मागच्या चाकाला हात लावला नाही. वाकून पुढचं चाक बघितलं, नखाने रबर खरवडलं.

"पुढचो पण झिजलो आसा गो," म्हणाल्या. "त्येचा काय?"

मनूने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घेऊ काकी."

पण खरं सांगू? पुढच्या टायरबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. मागच्याची प्रत्येक गोष्ट तू माझ्याशी भांडून मला शिकवलीस, हवा, गाल, तार, वजन. पुढच्याचं काहीच नाही. तो जाड हवा की पातळ, रुंद की अरुंद, मला माहीत नाही. विरोध कशाला करायचा, तेही माहीत नाही.

शनिवारी वाकोल्याला जातेय. बघून, दाबून, काट्यावर ठेवून, जो पटेल तो आणणार. चुकला तर आरेतून खांद्यावर मारून आणीन. पण आणीन.